कोरडा तांडेल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण आमचे आजे-पणजे बोटांवर मोजायला बसले की दर वेळी वेगळाच आकडा निघायचा. एवढं मात्र खरं, की तेव्हा उंडणी बेटावर माणसांपेक्षा माड जास्त होते, गोड्या पाण्याची एकच विहीर होती, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरून सकाळी मारलेली हाक बेटावर पोचेपर्यंत जेवणवेळ व्हायची, असं म्हणतात.

त्या बेटावर गोंदा तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे मचव्याचा म्होरक्या. जाळं कुठे टाकायचं, शीड कधी उतरवायचं, माघारी कधी वळायचं, सगळं तोच ठरवणार. गोंदा तर तांडेलांचा तांडेल. त्याचा बाप तांडेल, आजा तांडेल, पणजा तांडेल. बोट पाण्यात बुडवून ते जिभेला लावलं की खाली कुठला मासा फिरतोय ते तो सांगायचा, असं म्हणतात.

अशा घरात भिवा जन्माला आला.

बाराव्या दिवशी पोराचं नाव ठेवलं, आणि तेराव्या दिवशी गोंदाने त्याला उचलून दर्यावर नेलं. समुद्राच्या पाण्यात त्याचे पाय बुडवले. तांडेलाच्या पोराचे पाय पहिल्यांदा दर्याने धुवायचे, अशी रीत होती. पण पाणी पायाला लागलं मात्र, पोराने असं भोकाड पसरलं की आलेली लाट घाबरून तिथल्या तिथे मागे फिरली. त्या दिवशी भरती अर्धी घटका उशिरा आली, असं म्हणतात.

गोंदा हसला. म्हणाला, पोर लहान आहे, होईल सवय.

सवय झाली नाही. सात वर्षांचा भिवा पहिल्यांदा मचव्यात बसला, आणि दोर सुटायच्या आधीच ओकला. नऊ वर्षांचा असताना बसला, तेव्हा मचवा खडकाच्या पुढे जाईपर्यंत त्याने कसाबसा दम धरला, आणि मग असा काही ओकला की तीन दिवस त्या बाजूला एकही मासा फिरकला नाही. बारा वर्षांचा असताना बापाने त्याला डोलकाठीला बांधून नेलं. परत आणला तेव्हा पोराच्या अंगात पेलाभरसुद्धा पाणी उरलं नव्हतं. आई आठ दिवस त्याला चमच्याने पेज भरवत होती.

त्यानंतर गोंदाने नाद सोडला. भांडला नाही, हात उगारला नाही. फक्त पोराशी बोलायचा बंद झाला. पोर समोर बसलेलं असायचं आणि गोंदा बायकोला सांगायचा, "ह्याका सांग, विहिरीचो दोर कुजलो हा." पोर उठायचं आणि दोर बदलून यायचं. असं एक वर्ष गेलं, दोन गेली, अकरा गेली. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, बापलेक अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

गावातली पोरं त्याच्या मागे लागायची. "कोरडो तांडेल! कोरडो तांडेल! वाळूत वल्ही मारता!"

आता तुम्हीच विचार करा. बेटावरचे सगळे बाप्ये दर्यावर जायचे. चार मचवे, तेवीस माणसं. गेले की चार-चार, आठ-आठ दिवस बाहेर. मागे उरायच्या बायका, म्हातारी माणसं, शेंबडी पोरं, आणि भिवा.

पहिल्यांदा लाजेने तो उंडीच्या झाडांमागे लपून बसायचा. एक दिवस वाऱ्याने एका म्हातारीच्या घरावरच्या झावळ्या उडाल्या. म्हातारी अंगणात उभी राहून वाऱ्याला शिव्या देत होती. भिवाला राहवेना. तो वर चढला आणि संध्याकाळपर्यंत छप्पर शाकारून खाली उतरला. दुसऱ्या दिवशी शेजारणीने बोलावलं. मग तिच्या शेजारणीने. मग कोणाची कावड, कोणाचं कुंपण, कोणाची व्यायलेली म्हैस. बाळंतिणीला नाचणीची आंबील करून द्यायची तर भिवानेच. आजाऱ्याला पाठुंगळीला घेऊन वैद्याच्या अंगणात पोचवायचं तर भिवानेच. असा एक उंबरा उरला नाही की ज्याच्या आत भिवा जेवला नाही, आणि असं एक अंगण उरलं नाही की जे त्याने चोपून सारवून दिलं नाही.

आणि ह्या सगळ्यात एक नवल घडलं. पाण्याने त्याला दूर लोटलं होतं ना, म्हणून की काय, जमिनीने त्याला जवळ केलं. अंगण चोपताना एक दिवस त्याने सहज जमिनीला कान लावला, आणि त्याला वल्ह्यांचा आवाज ऐकू आला. दूर, खूप दूर, खाली कुठेतरी. चुबुक, चुबुक. त्याने नीट ऐकलं. हा आपल्या बापाचा मचवा. हा काकाचा. हा तिसरा, ह्याचं एक वल्हं पिचलंय.

संध्याकाळी मचवे लागले, तेव्हा तिसऱ्याचं एक वल्हं खरंच पिचलेलं होतं.

तेव्हापासून बायकांना मोठा आधार झाला. दिवस कलला की एकेक जण यायची. "भिवा, आमचे खंय पोचले रे?"

भिवा आडवा व्हायचा, कान लावायचा. "वळले गो. भात घाल चुलीवर."

ती घरी जाऊन भात घालायची, आणि भाताला शेवटची वाफ यायची त्याच वेळी नवरा दारात पाय धुवायचा. उंडणी बेटावर त्या काळात कोणी शिळा भात खाल्ला नाही, असं म्हणतात.

बाप्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, आपल्या बायकाच मोठ्या गुणी.

मग एका वर्षी आश्विनातली पौर्णिमा आली. उधाणाचे दिवस. चारही मचवे पहाटे निघून गेले, आणि सकाळी आभाळ असं निळं होतं की बायकांनी सुकटीची मासळी वाळत घातली. जेवणं झाली आणि दक्षिणेकडून वारा उठला. घटकाभरात दर्या काळा पडला, वाळत घातलेले बांगडे पाखरांसारखे उडून माडांच्या शेंड्यांना लटकले, आणि मग पाऊस आला. असा दाट, की उंबऱ्यावरून तुळस दिसेना.

सगळ्या बायका गोळा झाल्या त्या भिवाच्या अंगणात. भिवा चिखलात आडवा झाला आणि कान लावला.

कानातला चिखल पुसला आणि पुन्हा लावला.

त्याची काकी होती, मथुराकाकी. गोंदा तांडेलाच्या भावाची बायको, अंगाने दांडगी, खडकात हात घालून कुर्ल्या धरणारी. ती गुडघ्यांवर बसली. "भिवा, बरा-वायट काय ता सांग."

"जिते आसत," भिवा म्हणाला. "सगळे. पण मचवे फुटले. राकसाच्या दातांत एका खडकार उभे आसत. पाणी चढता हा."

राकसाचे दात म्हणजे बेटाच्या दक्षिणेला पाण्यातून वर आलेले सुळके. पन्नास म्हणा, साठ म्हणा. ओहोटीला उघडे, भरतीला पाण्याखाली. आणि त्या दिवशी तर उधाणाची भरती. दिवस बुडायच्या आत त्यांतला एकही दात वर राहणार नव्हता.

बेटावर एकच होडी उरली होती. एक जुना मोठा मचवा, कोणाच्या तरी आज्याचा, वाळूवर पालथा घातलेला. त्याच्याखाली कोंबड्या राहायच्या. बायकांनी कोंबड्या हाकलल्या, मचवा सुलटा केला, भेगांमध्ये राळ आणि चिंध्या कोंबल्या, आणि ओढत पाण्याला लावला. घरात होती तेवढी वल्ही आणली.

"वल्ही आमी मारतंव," मथुराकाकी म्हणाली. "तू फकत सांग, खंय जावचा."

"दक्षिणेक जावा. दातांत शिरल्यार उजवीकडचो सातवो—"

"बाबा, ह्या पावसात माका माझोच हात दिसणा नाय, तुझे दात खंय मोजू?"

भिवाला कळलं. कळलं तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं पांढरं झालं. तरी तो पुढे आला आणि मचव्यात पाय ठेवला. मचवा हलला. भिवाच्या डोळ्यांपुढे सगळं फिरलं आणि तो वाळूत पडला. उठला, पुन्हा पाय ठेवला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा तो रडत होता.

"जमणा नाय गो काकी. आणि जमला तरी काय उपयोग? माका ऐकू येता ता जमनीतून. पाण्यार मी बहिरो."

मथुराकाकीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग ती वळली आणि आपल्या घराकडे धावत सुटली. परत आली ती डोक्यावर टोपली घेऊन. टोपलीत माती होती, तिच्या अंगणातली, पहारीने खणून काढलेली. तिने ती मचव्यात ओतली.

"तुका पायाखाली जमीनच होयी ना? मगे जमीन घेऊन जाऊया."

पुढचं काही सांगावं लागलं नाही. प्रत्येक बाई आपल्या घराकडे पळाली. सूप भरून, परात भरून, पदर भरून, ज्या-त्या अंगणातली माती मचव्यात पडू लागली. बाळंतीण होती ती खाटेवरून उठली आणि दोन ओंजळी घेऊन आली. ज्या म्हातारीचं छप्पर त्याने पहिल्यांदा शाकारलं होतं, तिला खणायचं बळ नव्हतं. तिने तुळशीतली चिमूटभर आणली. बघता बघता मचव्याच्या मधोमध उंडणी बेटाचा एक लहानसा तुकडा तयार झाला.

भिवा त्याच्यावर चढला. पाय घोट्यापर्यंत आत रोवले, झाडासारखे. खाली वाकून कान लावला.

आणि त्याला ऐकू आलं.

"चला," तो म्हणाला.

नऊ बायका वल्ह्यांवर बसल्या. वल्हवतानाची गाणी बाप्यांची. ती त्यांना येत नव्हती. त्यांना येत होती ती जात्यावरची. म्हणून त्यांनी तीच धरली, आणि ओवीच्या ठेक्यावर वल्ही पडू लागली.

दर्याचं दळण बाई, दळता दळता सरेल
घरचा धनी माझा, जेवायाला फिरेल.

लाटा माडाएवढ्या उठत होत्या. रिकामा मचवा असता तर करवंटीसारखा उडाला असता, पण पोटात मातीचं वजन होतं, तो दबून चालला. पाणी ह्या कडेने आत येई आणि त्या कडेने बाहेर जाई, पण भिवाच्या पायाखालच्या मातीचा एक कणसुद्धा वाहून गेला नाही, असं म्हणतात. भिवाने डोळे गच्च मिटले होते. "डाव्या अंगाक," तो ओरडायचा. "आता सरळ. आता थांबा, लाट जाव दे. आता उजव्या अंगाक." दोन्ही बाजूंनी राकसाचे दात कराकरा वाजत होते, आणि त्यांच्यामधून तो कोंबड्यांचा मचवा सुईतल्या दोऱ्यासारखा गेला.

तिकडे खडकावर तेवीस माणसं एकमेकांच्या कमरेला धरून उभी होती. पाणी छातीला लागलं होतं. पावसातून त्यांना जात्यावरचं गाणं ऐकू आलं.

"मेलो वाटता आपण," एक जण म्हणाला. "मेल्यार जातां ऐकू येता?"

गोंदा तांडेलाने कान टवकारले. "ती आमची वयनी," तो म्हणाला. "ती गाता म्हणजे आपण जिते आसंव. मेल्यार असला बेसूर कोण गायत?"

मचवा खडकाला लागला. एकेक करून सगळे आत आले. नवऱ्यांनी बायकांना बघितलं, बायकांनी नवऱ्यांना, पण बोलायला वेळ नव्हता. गोंदा सर्वांत शेवटी चढला, तांडेलाने चढावं तसा. आणि त्याने मातीवर उभा असलेला आपला मुलगा बघितला.

तेवढ्यात मचवा खाली बसू लागला. नऊ बायका, भिवा, वर तेवीस बाप्ये, आणि ती सगळी माती. पाणी काठाशी आलं. आणखी एक मोठी लाट आली असती तर सगळं संपलं असतं. काय टाकायला हवं ते सगळ्यांना दिसत होतं. बायका भिवाकडे बघत होत्या आणि नजर चुकवत होत्या.

भिवाने डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं. मग तो खाली वाकला आणि पहिली ओंजळ त्याने स्वतः दर्यात टाकली.

मग सगळ्यांचे हात लागले. मथुराकाकीचं अंगण गेलं, बाळंतिणीच्या ओंजळी गेल्या, तुळशीतली चिमूट कुठे होती ते कोणाला कळलंही नाही. शेवटी भिवाच्या पायाखाली दोन पावलांपुरती माती उरली. ती त्याने बोटांनी खरवडून काढली आणि टाकून दिली. मचवा वर आला.

आणि भिवा पाण्यावर आला. खाली उघडी फळी, फळीखाली दर्या. कान बहिरे झाले. तो पडणार, तोच कोणीतरी त्याला बगलेत धरलं.

"पाय उचल तुझे," गोंदा तांडेल म्हणाला. "माझ्या पायार ठेव."

अकरा वर्षांनी बाप त्याच्याशी बोलला होता. भिवाला वाटलं, आपल्याला भलतंच काही ऐकू येतंय.

"बाबा, तुमका जड होयत."

"बेटाक तू कधी जड झालंस? मी बेटावरचोच मां? उभो रव."

भिवा आता बापापेक्षा वीतभर उंच झाला होता. तरी त्याने लहान पोरासारखे आपले पाय बापाच्या पायांवर ठेवले आणि बापाच्या गळ्याला मिठी मारली.

"डोळे मीट," गोंदा म्हणाला. "तू बेटारच आसंस. वाट मी बघतंय."

एका हाताने त्याने मुलाला धरलं, दुसऱ्या हाताने सुकाणू. बायका गात होत्या, बाप्यांनी वल्ही घेतली होती, आणि आता त्यांनासुद्धा जात्यावरचंच गाणं म्हणावं लागत होतं, कारण काकी दुसरं काही म्हणू देईना. दिवस बुडायच्या आत मचवा वाळूला लागला. सगळ्या वाटेत भिवा एकदाही ओकला नाही, असं म्हणतात. काही जण म्हणतात, दोनदा ओकला, बापाच्या पाठीवर, आणि गोंदाने ते पावसाचं पाणी म्हणून सोडून दिलं. मला विचाराल तर ही दुसरी गोष्टच जास्त खरी वाटते.

दुसऱ्या दिवशी भिवाने काय केलं? टोपली घेतली आणि डोंगरावरची माती आणून प्रत्येक अंगणातला खड्डा बुजवला. चोपून, सारवून दिला. त्या दिवशी त्याच्या बरोबरीने आणखी एक माणूस टोपली वाहत होता, तो गोंदा तांडेल. दोघं दिवसभर बोलत होते. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. ते संपायला पुढचा आठवडा लागला.

कोरडा तांडेल हे नाव राहिलंच. फक्त आता म्हातारी माणसंसुद्धा ते उठून उभं राहून घ्यायची.

जिथे ती माती पडली तिथे दर्यातून एक भाट वर आली. भाट म्हणजे उथळ वाळूची पट्टी. तिने राकसाच्या दातांपुढची लाट मोडली. आजही वारा सुटला की होड्या तिच्या आडोशाला नांगर टाकतात, आणि तिला भिवाची भाट म्हणतात.

भिवा पुन्हा कधी होडीत बसला नाही. लग्न मात्र झालं, कारण पोरीच्या बापाला सांगितलं होतं की मुलगी बेटावर आणून पोचवा, नवरा काही वऱ्हाड घेऊन यायचा नाही. त्याला पाच मुलं झाली आणि पाचही दर्यावर्दी निघाली. तो शंभर वर्षं जगला, आणि शेवटच्या दिवसापर्यंत छपरांवर चढत होता, असं म्हणतात. एका संध्याकाळी अंगणात जमिनीला कान लावून पडला होता. सुनेने विचारलं, "मामांनू, खंय पोचले?"

"इले. सगळे इले," तो म्हणाला. "आता वाढूक घेवा." आणि त्याने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी एकही मचवा पाण्यात गेला नाही. भिवाला पोचवून सगळे परतले, आणि बाप्यांच्या ध्यानात आलं की घरोघर पाणी पोचवायची फेरी झालेली नाही, दोन घरांची छपरं अर्धी शाकारलेली राहिलीत, आणि एका बाळंतिणीला आंबील द्यायचीय. हे सगळं कोण करायचं ते त्यांना तेव्हा कुठे कळलं. ते कामाला लागले.

तो दिवस माघातल्या त्रयोदशीचा. आजही त्या दिवशी उंडणी बेटावरून होडी सुटत नाही. मोठमोठ्या ट्रॉलरवाल्यांचे फोन येतात, तरी सुटत नाही. बाप्ये पाणी भरतात, अंगणं सारवतात, चूल पेटवतात. बायका उंडीच्या सावलीत पाय पसरून बसतात आणि नुसती नावं ठेवतात. भात करपतो, आमटीत मीठ दोनदा पडतं, आणि सगळं गाव हसत हसत तेच जेवतं.

आणखी एक रीत आहे. ती वर्षाचे बाराही महिने चालते.

गेल्या वर्षी आमच्या दवाखान्यात नवी नर्सबाई आली. घाटावरची पोर, आयुष्यात कधी समुद्र बघितलेला नाही. धक्क्यावरून लाँचमध्ये पाय ठेवला आणि तिचं तोंड पांढरं पडलं. दोन्ही हातांनी तिने कठडा धरला. शेजारी मासळी विकून परतणारी चंद्राक्का उभी होती. तिने रिकामी पाटी खाली ठेवली, चपला काढल्या, आणि दोन्ही पाय पुढे केले.

"उभी रव, बाय."

"कशावर?"

"माझ्या पायार."

"अहो मावशी, मी साठ किलोची आहे!"

"तुझ्या आधी एक तलाठी उभो रवलेलो. तो नव्वदाचो होतो. उभी रव."

लाँचमधलं कोणी हसलं नाही. सगळे वाट बघत होते. नर्सबाईने एक पाऊल ठेवलं, मग दुसरं, आणि चंद्राक्काच्या खांद्याला घट्ट धरलं. लाँच सुटली. बराच वेळ ती डोळे मिटून होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, बेट अजून किती लांब आहे?"

"लांब खंय?" चंद्राक्का म्हणाली. "उभी आसंस ना तेच्यार."